शुक्रवारी थांबणारं घड्याळ

नोव्हेंबरमध्ये काकांचा फोन आला तेव्हा 'कसा आहेस' वगैरे काही नाही. "एकोणीस बंद पडली," एवढंच म्हणाले. भिंतीवरच्या एकतीस घड्याळांपैकी एकोणीस. घर बदलून जेमतेम आठवडा झाला होता.

मी पेशाने घड्याळजी नाही. नोकरी कारखान्यात केली, आणि गेली पंधरा-वीस वर्षं लंबकाची जुनी घड्याळं हौसेने दुरुस्त करतो. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं याचं कारण असं, की त्या एकोणिसांत खरोखर बिघडलेली घड्याळं फार थोडी होती. बाकीच्यांचं दुखणं भिंतीत होतं. आणि सगळ्यात हट्टी घड्याळाचा रोग मला सापडला नाही, काकूंच्या वहीत सापडला.

काका एकाहत्तर वर्षांचे, वीज खात्यातून निवृत्त. काकू अडुसष्ट, शाळेत गणित शिकवायच्या. सदाशिव पेठेत चौदा इंची विटांच्या भिंतींच्या जुन्या इमारतीत दोघांनी सगळा संसार केला. इमारत पुनर्विकासाला गेली आणि तीन वर्षांसाठी कोथरूडला नवव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट घ्यावा लागला. सामानात फ्रिज, कपाटं, देवघर आणि त्रेचाळीस घड्याळं: एकतीस भिंतीवरची, आठ टेबलावरची, चार गजराची.

पहिलं घड्याळ 1979 सालचं, म्हणजे दोघांच्या घरात आलं ते साल. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत वाईला, काकूंच्या माहेरी, माळ्यावर एक ॲन्सोनिया, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकन कंपनीचं घड्याळ, पडलं होतं. आजोबा गेल्यावर ते बंद पडलं, आणि बंद घड्याळ घरात ठेवू नये म्हणून कुणीतरी वर टाकलं. जावईबापूंनी खाली काढलं, मागचं झाकण उघडलं आणि पाच मिनिटांत हसायला लागले. लंबक ज्या पोलादी पट्टीला लटकतो ती पट्टी तुटली होती. कागदाइतकी पातळ, बोटाच्या पेराएवढी. पुण्यात एका घड्याळजीकडून ती चार रुपयांना मिळाली. सासऱ्यांनी घड्याळ परत घेतलं नाही. "चालू केलंत तर तुमचंच," म्हणाले.

पुढची चाळीस वर्षं मी थोडक्यात सांगतो, कारण संग्राहकांच्या गोष्टी इथून पुढे सगळ्या सारख्याच असतात. बुधवारचा आणि रविवारचा जुना बाजार, मुंबईला गेलं की चोरबाजारातली मटण स्ट्रीट, कुणाच्या वाड्याचं पाडकाम निघालं की तिथे फेरी. हैदराबादला सालारजंग संग्रहालयात दर तासाला घण घेऊन बाहेर येणाऱ्या त्या दाढीवाल्या बाहुल्याचं घड्याळ बघायला गर्दीत उभं राहणं. पुण्यात राहून या छंदाला नावं ठेवायची सोय नाही, कारण राजा केळकर संग्रहालय याच शहरात आहे आणि दिनकर केळकरांच्या बरोबरीने त्यांच्या पत्नी कमलाबाईही त्या संग्रहासाठी राबल्या होत्या. काका हा दाखला नातेवाईकांच्या तोंडावर फेकतात. काकू म्हणतात, "केळकरांनी शेवटी सगळं सरकारला देऊन टाकलं, तेही सांगा."

दोघांचा छंद एक, असं सगळे म्हणतात. माझं मत जरा वेगळं आहे. भिंत एक आहे, छंद दोन आहेत. काकांना घड्याळ चालायला हवं. काकूंना ते होतं तसं राहायला हवं. घड्याळाच्या आतल्या पितळी पाट्यांवर जुने घड्याळजी सुईने तारखा कोरून ठेवत, कधी दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने. साफसफाई केव्हा केली त्याची ती नोंद. काका पाट्या चकचकीत पुसतात. काकू पुसण्याआधी तारखा वहीत उतरवून घेतात.

त्या वहीत वाईच्या ॲन्सोनियाचं एक पान आहे. या घड्याळांची तबकडी म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर चिकटवलेला कागद असतो. शंभर वर्षांत तो चहासारखा तपकिरी होतो आणि चाव्यांच्या भोकांभोवती झिजतो. 1986 साली काकांनी त्यावर नवा पांढराशुभ्र छापील कागद चिकटवून आणला. वहीतली नोंद अशी: "चेहरा बदलला. मला विचारलं नाही." पुढे तारीख. हे मला काकूंनी नाही, काकांनीच दाखवलं.

वहीचा खरा उपयोग मात्र वेगळा आहे. दर रविवारी पोहे झाले की दोघं मिळून चाव्या देतात. बहुतेक घड्याळं आठ दिवसांची. तबकडीवर दोन भोकं, उजवं चालीचं, डावं टोल्यांचं. काका चावी फिरवतात, काकू मोबाइलवरची वेळ बघून त्या आठवड्यातली चूक लिहितात: अधिक दोन मिनिटं, उणे पाऊण. कुठलं कधी थांबलं, तेही. मागची बारा वर्षं हे चालू आहे. मी ती पानं चाळली तेव्हा मे महिन्यात घड्याळं मागे पडताना आणि डिसेंबरात पुढे जाताना स्पष्ट दिसली. उन्हाने लंबकाची सळई लांबते आणि झोका रेंगाळतो. सळई पोलादी असेल तर एका अंशाला दिवसाकाठी अर्धा सेकंद, पितळी असेल तर साधारण पाऊण. बारा अंशांचा फरक आणि सात दिवस धरले तर पोलादाचा हिशेब आठवड्याला पाऊण मिनिटाच्या आसपास जातो. काकूंनी हे सूत्र शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पण आकडे बरोबर तेवढेच आले होते.

तर, कोथरूड. मी गेलो तेव्हा दिवाणखान्यात लग्नघरासारखा पसारा होता. घरमालकाने करारातच लिहून घेतलं होतं की भिंतींना भोकं पाडायची नाहीत. म्हणून सुताराकडून जमिनीपासून छतापर्यंत प्लायवूडचे तीन मोठे फळे उभे करून घेतले होते, आणि सगळी घड्याळं त्यांवर. दिसायला फार सुंदर. काका म्हणाले, "गाडीत आपटली असणार. सगळी उघडून तेल घालू." काकू म्हणाल्या, "आधी बघू दे त्याला."

मी बघण्याआधी एक घोळ घातला तो सांगून टाकतो. बोळात एक जपानी सेकोशा टांगलेलं होतं, चालू, पण चांगलंच मागे. जाता जाता मी काटा पुढे ढकलून ते बरोबर केलं. स्वयंपाकघरातून काकू धावत आल्या. ते मुद्दाम एकोणचाळीस मिनिटं मागे ठेवलेलं असतं! 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपला 'बॉम्बे टाइम' पुढे कितीतरी वर्षं सोडला नव्हता, आणि तो प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे असायचा. काकूंचे वडील मुंबईच्या गिरणीत कारकून होते; ते घड्याळ त्यांच्या वेळेवर चालतं. भरीस भर म्हणजे मी काटा टोला पडू न देता बारावरून रेटला होता. त्या जातीच्या घड्याळात टोले खाचांच्या एका चाकावरून मोजले जातात आणि त्या चाकाला काट्यांचा पत्ता नसतो. एक टोला चुकला की पाचला चार. ते परत जुळवण्यात माझी पहिली वीस मिनिटं गेली, आणि काका तोंड फिरवून हसत होते.

मग एकेक घड्याळ. लंबकाच्या घड्याळाची नाडी कानाने बघायची. टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं हवं. टिक-टॉक, टिक-टॉक. घड्याळ जरा वाकडं टांगलं की टिकटॉक… टिकटॉक असं लंगडायला लागतं. एका बाजूचा धक्का अपुरा पडतो, झोका रोज थोडा थोडा आखडतो आणि दोन-चार दिवसांत थांबतो. सदाशिव पेठेत प्रत्येक खिळ्याभोवती पेन्सिलीच्या खुणा होत्या, चाळीस वर्षांत कानाने साधलेल्या. इथे सुताराने सगळी घड्याळं पाणलेव्हल लावून अगदी सरळ टांगली होती. डोळ्यांना सरळ, आतून लंगडी! कारण लंबकाला धक्का देणारी आतली तार कधीकाळी वाकडी झालेली असते आणि जुना मालक घड्याळच किंचित तिरकं टांगून ते सांभाळून घेत असतो. अकरा घड्याळं एवढ्यानेच चालू झाली. खालचं टोक अंगठ्याने एक-दोन सूत सरकवायचं, कान लावायचा. काका एक बाजू धरत होते, काकू डोळे मिटून "अजून, अजून, बस" सांगत होत्या. काकांच्या कानाला आता वरचे आवाज नीट येत नाहीत. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

तीन घड्याळांच्या पट्ट्या पिळल्या होत्या, तीच ती पेराएवढी पट्टी. सामान हलवणाऱ्या मंडळींनी लंबक न काढता घड्याळं आडवी घातली होती. काका उन्हात टेम्पोपाशी उभे राहून "लंबक काढा" म्हणून ओरडत होते, पण तोवर तीन चढली होती. नव्या पट्ट्या घातल्या, काम झालं.

एक घड्याळ दुपारी चालायचं आणि पहाटे थांबायचं. तेही उघडलं. प्रत्येक भोकात चाकाच्या टोकाशी पांढरट मेण. वास घेतला आणि उलगडलं: खोबरेल! आधीच्या मालकाने घातलेलं. पेठेतल्या उबदार आतल्या खोलीत ते पातळ राहत होतं, नवव्या मजल्यावर बाल्कनीच्या दाराशेजारी थंडीत ते थिजत होतं. पूर्ण सुटं करून धुतलं. (कुणीही घरी करायला जाऊ नये असं एकच काम यात आहे, ते म्हणजे गुंडाळलेली मुख्य स्प्रिंग न उतरवता पाट्या सोडवणं. बोटाचं नख माझंही गेलंय.)

उरली चार. चारही मधल्या फळ्यावर.

शेजारी शेजारी सारख्याच मापाची दोन अमेरिकन घड्याळं टांगलेली होती आणि त्यांच्यापैकी एक नेहमी दुसऱ्याला थांबवायचं. डच शास्त्रज्ञ हायगेन्स 1665 मध्ये आजारी पडून खोलीत होता, तेव्हा एकाच आधाराला टांगलेल्या आपल्या दोन घड्याळांचे लंबक आपोआप एकमेकांच्या उलट झुलायला लागतात हे त्याने पाहिलं होतं. आधार जरासा हलता असला की एकाचा झोका लाकडातून दुसऱ्याला पोचतो. अठरा मिलिमीटरचं प्लाय सहा फूट बिनआधाराचं, म्हणजे तंबोऱ्याचा भोपळाच. मी फळ्यावर तळहात ठेवला तर त्याचं धडधडणं हाताला लागत होतं. दोन्ही घड्याळं वेगवेगळ्या फळ्यांवर हलवली, तिसरं खाली कोपऱ्यात नेलं, जिथे फळा जमिनीला टेकतो. तिन्ही चालली.

चौथं बेकर. गुस्टाव बेकर, सायलेशियातल्या फ्रायबुर्गचं. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. लांबट पेटी, काचेचं दार, लाकडी सळईचा लंबक आणि एक पितळी वजन. स्प्रिंग नाही, वजन खाली येतं त्यावर चाल. टोलेही नाहीत. पेठेत सव्वीस वर्षांत ते एकदाही आपणहून थांबलं नव्हतं. इथे मी त्याचा ठोका जुळवला, चाकं तपासली, भोकं तपासली, काही नाही. रविवारी चावी दिली की झकास चालायचं. मग थांबायचं. पुन्हा ढकललं की चालायचं. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. काकांनी ते काढून ठेवायचं ठरवलं. त्यांचा चेहरा बघून माझीही हिंमत गेली होती.

काकूंनी वही पुढे केली. त्यांनी लाल पेनाने गोल केले होते. अकरा आठवडे, नऊ वेळा शुक्रवार, दोन वेळा गुरुवारची रात्र.

"ह्याला वार कळतो का रे?" त्यांनी विचारलं.

वार कळत नाही, पण वजन कुठे आलंय ते कळतं. मी पुढच्या शुक्रवारी सकाळी आठला जाऊन खुर्ची टाकून बसलो. रविवारी वर चढवलेलं वजन पाचव्या दिवशी खाली येत येत लंबकाच्या तबकडीच्या उंचीला आलं होतं. आता त्याची दोरी आणि लंबक जवळपास एका लांबीचे झाले. म्हणजे दोघांचा झोक्याचा काळही एक झाला. फळा हलता, पेटी हलती, त्यामुळे वजनही हळूहळू झुलायला लागलं. केसभर. काचेवर नाक लावल्याशिवाय दिसणार नाही इतकं. ते झुलणं म्हणजे लंबकाच्या तोंडचा घास पळवणं. मी दार उघडून दोन बोटांनी वजन नुसतं स्थिर धरलं. मिनिटाभरात लंबकाचा आखडलेला झोका परत मोकळा झाला. बोटं काढली, पुन्हा आखडायला लागला. काकांना तीनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः बोटं लावली आणि "अगं, इकडे ये" म्हणून हाक मारली.

उपाय साधा आहे आणि जुन्या घड्याळजींना तो माहीत असतो: पेटी अशा जागी बसवायची की ती हलणारच नाही, आणि खालच्या दोन कोपऱ्यांना स्क्रू आवळून भिंतीला रेटायची. पण त्याला काँक्रीटचा खांब हवा, आणि खांबाला भोक म्हणजे करार. घरमालकाला बोलावलं. तो तिशीतला मुलगा, आयटीतला. त्याने बेकरसमोर दहा मिनिटं काढली, मग विचारलं की शुक्रवारी वजन झुलताना व्हिडिओ काढता येईल का. एका भोकाची परवानगी मिळाली.

टोल्यांचा प्रश्न त्याआधीच सुटला होता, तोही तक्रारीतून. दर तासाचे आणि अर्ध्या तासाचे धरून एक घड्याळ दिवसाला 180 टोले देतं. काकूंची जुनी सवय अशी की सगळी घड्याळं दहा-दहा सेकंदांनी पुढेमागे लावायची, म्हणजे प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येतो. पेठेत रात्रीचे बारा वाजायला पाच-सहा मिनिटं लागायची. कोथरूडला खालच्या मजल्यावर तान्हं बाळ होतं. त्या बाळाची आजी वर आली, अजिबात भांडली नाही, नुसती म्हणाली, "आमचे रोज बारा वाजतायत." डाव्या भोकाला चावी न देणं हा त्यावरचा उपाय, चाल चालू राहते, टोले गप्प. आता तीनच बोलतात.

एक धागा मात्र तसाच राहिला. काका-काकूंच्या न्यूजर्सीतल्या मुलाला वाईचं ॲन्सोनिया हवं होतं. मी ते उघडून पाहिलं. ॲन्सोनिया कंपनीने 1929 मध्ये यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाला विकली, म्हणजे घड्याळ त्याआधीचं हे नक्की, आणि काकूंच्या वहीत उतरवलेली सगळ्यात जुनी दुरुस्तीची तारीख 1911 ची आहे. आपल्याकडे 1972 चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या वस्तूला लागू होतो, आणि पुरावस्तू ठरली की ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. नाही ठरली तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा तसा दाखला घेऊन जावं. लोक बॅगेत कपड्यांत गुंडाळून नेतात, मला माहीत आहे. इथे गंमत अशी की जी तारीख काकांनी पुसून टाकली असती, तीच आता घड्याळाला अडवत होती. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तू लिहिलंसच कशाला?" काकू म्हणाल्या, "म्हणूनच."

ते घड्याळ उघडं होतं तेव्हा काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, वरचा पांढरा कागद सोडवता येईल का, खालचा जुना चेहरा निघेल का. मी कोपरा ओलसर कापसाने जरा उचलून पाहिला. खाली तपकिरी कागद होता, रोमन आकडा सातचा पाय दिसला. पण गोंद पक्का होता, ओढला असता तर दोन्ही फाटले असते. काकूंनी दारातून पाहिलं असावं. "राहू दे," म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या. काकांनी तो कोपरा परत दाबून बसवला, आणि बराच वेळ बोट तिथेच ठेवलं.

तीन वर्षांनी पुन्हा घर हलवायचंय. त्यासाठी वहीत आता नवे रकाने आहेत: लंबक काढला का, कोणत्या बाजूला किती सूत तिरकं, शेजारी कोण नको. शेवटचा रकाना काकांनी सुचवला.

खांबावर बेकर चढवल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी मला त्या पानाचा फोटो आला. काकूंचं अक्षर: "शुक्रवार. रात्री 11. चालू." त्याखाली काकांचं, जरा वाकडं, वहीत बारा वर्षांत पहिल्यांदाच: "वजन स्थिर. मी पाहिलं."